पंचवीसला बावन्न लिहिणारं मूल

शिक्षकांच्या घरात टीईटीची, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेची, गाइडं पुन्हा आली आहेत. या खेपेला ती मुला-सुनेसाठी नाहीत, खुद्द गुरुजींसाठी आहेत. 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची सेवा पाच वर्षांहून जास्त उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावं, नाहीतर सेवा सोडावी. ज्यांची सेवा त्याहून कमी उरली आहे त्यांना परीक्षा माफ, पण बढती हवी असेल तर त्यांनाही ती द्यावी लागेल. (अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे.) तेव्हापासून जो वाद पेटला आहे त्यात एक बाजू म्हणते, पंचवीस वर्षं खडू झिजवलेल्या माणसाला पोरांच्या रांगेत परीक्षेला बसवणं हा अपमान आहे. दुसरी म्हणते, एवढी वर्षं पगार घेतलात, आता दीडशे मार्कांच्या पेपरला का घाबरता? आणि मधेच तिसरा कोणी तरी उठतो आणि म्हणतो, डी.एड., बी.एड. ही सगळी दुकानं आहेत, बंद करा ती, चांगले एम.एस्सी. झालेले घ्या आणि सोडा वर्गात.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. तिन्ही बाजू उंबऱ्यावर भांडताहेत. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला बाहेर काढायचं, एवढाच त्यांचा प्रश्न आहे. आत शिरलेला माणूस शिकवायला शिकतो कुठे, हे कोणी विचारत नाही. शिकवणं ही शिकावी लागणारी विद्या आहे, तेव्हा प्रशिक्षण हवंच. पण ते नोकरीच्या आधी, ज्याच्या त्याच्या खर्चाने, कॉलेजात उरकायचं आणि मग चार पर्यायांतून एक निवडायला लावून तपासायचं, ही आपली रीतच उलटी आहे. आधी निवड करा, पगार द्या, शाळेत ठेवा, तिथे शिकवायला शिकवा आणि प्रमाणपत्र शेवटी, वर्गात बसून, बघून द्या.

मुळात शिकवणं ही वेगळी विद्या आहे का, इथपासूनच शंका असते. ज्याला गणित येतं त्याला गणित शिकवता येणारच, अशी आपली भाबडी समजूत आहे. माझीही होती. डी.एड. करून पहिल्या शाळेवर रुजू झालो तेव्हा दुसरीचा वर्ग मिळाला. मी 'पंचवीस' म्हटलं आणि एका मुलीने पाटीवर 52 लिहिलं. मी चूक म्हणालो, शेजारी 25 काढून दिले, तिने ते निमूट गिरवले. पुढच्या मिनिटाला 'त्रेचाळीस' म्हटलं तर तिने 34 लिहिले. मी आवाज चढवला. शेजारच्या वर्गावरच्या बाई दारात येऊन उभ्या राहिल्या, मला काही बोलल्या नाहीत, मुलीजवळ खाली बसल्या आणि म्हणाल्या, "कसं लिहिलंस गं, सांग बघू." मुलगी म्हणाली, आधी पाच ऐकू आला, मग वीस. मराठीत एकक आधी उच्चारतात आणि दशक नंतर. ती ऐकलेल्या क्रमाने लिहीत होती. तिच्या चुकीला पक्का नियम होता आणि तो नियम मला, पाढे पाठ असलेल्या पदविकाधारकाला, दिसला नव्हता. बाईंनी काड्यांचे दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या पुढे ठेवल्या. बाकीचं काम त्या काड्यांनी केलं.

बाईंकडे होतं ते ज्ञान गणिताचं नव्हतं, आणि नुसतं मायेचंही नव्हतं. ली शुलमन या अमेरिकी अभ्यासकाने 1986 मध्ये या तिसऱ्याच ज्ञानाकडे बोट दाखवलं: विषय येणं एक, वर्ग सांभाळता येणं दुसरं, आणि हा विषय या वयाच्या मुलाच्या डोक्यात नेमका कुठे अडतो हे माहीत असणं तिसरं. 52 मधून 27 वजा करून 35 लिहिणारं मूल सातातून दोन वजा करून मोकळं होतं, कारण 'मोठ्यातून लहान वजा करायचं' हे आपणच त्याला पढवलेलं असतं. एम.एस्सी. झालेल्याला हे कळेलच असं नाही. उलट त्याला ते इतकं सोपं वाटतं की यात कोणी अडखळू शकतं हेच त्याला सुचत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'चाळीस तीन' अशा संख्यावाचनाची पद्धत आली तेव्हाचा गदारोळ आठवतो का? विधानसभेत आडनावांवर कोट्या झाल्या, घरोघरी मराठी भाषा बुडाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यांनी लहान मुलं गोंधळतात. तो बदल पटो न पटो, पण एवढ्या मोठ्या वादात पाटीवरचे 52 पाहिलेली माणसं किती बोलली? शिकवण्यातही काही जाणकारी लागते हे समाजाला मान्यच नसलं की असं होतं. सगळेच शाळेत गेलेले, म्हणून सगळेच शिक्षणतज्ज्ञ.

आता समोरच्यांचं म्हणणं. ज्यांना ही कॉलेजं दुकानं वाटतात त्यांच्याकडे पुरावा भक्कम आहे, आणि तो आपल्याच अंगणातला आहे. महाराष्ट्रातल्या डी.एड. महाविद्यालयांच्या मान्यतेचा झगडा सर्वोच्च न्यायालयात गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा आयोग नेमला गेला. आयोगाने तपासलेल्या संस्थांपैकी जेमतेम 44 मान्यतेच्या लायकीच्या निघाल्या. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने याच आयोगाचा हवाला देऊन लिहून ठेवलं आहे की देशातल्या दहा हजारांहून अधिक एकल (म्हणजे फक्त शिक्षक-प्रशिक्षण देणाऱ्या) संस्थांपैकी बहुतेक जणी शिक्षक घडवण्याचा गंभीर प्रयत्नही करत नाहीत, पैसे घेऊन पदव्या विकतात. सरकारी दस्तऐवजात इतकी उघड भाषा क्वचित सापडते.

माझं कॉलेज त्यातलं वाईट नव्हतं, तरी तिथे मी काय केलं? पाठ टाचणं काढली. हेतू निळ्या शाईने, उद्दिष्टं हिरव्या, स्पष्टीकरणं लाल. ती मागच्या वर्षीच्या सीनियरकडून आली होती आणि पुढच्या वर्षीच्या ज्युनियरकडे गेली. सूक्ष्म अध्यापनात सहा मिनिटांचा पाठ घ्यायचा, समोर आपलेच वर्गमित्र मुलं होऊन बसलेले, 'प्रश्न कौशल्य' तपासायचं म्हणून आपण विचारणार भारताची राजधानी कोणती, आणि मिशा फुटलेला विद्यार्थी हात वर करून सांगणार दिल्ली. वर हर्बार्टची पंचपदी. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन तत्त्वज्ञाच्या नावावर त्याच्या अनुयायांनी रचलेल्या पाच पायऱ्या आम्ही एकविसाव्या शतकात तोंडपाठ केल्या. दोन वर्षांत एकाही प्राध्यापकाने मला एका खऱ्या मुलाची एक खरी चूक दाखवून 'ही का झाली असेल?' असं विचारलं नाही. आणि आमची हजेरी तरी खरी होती. पुढे नोकरीत असताना बी.एड. केलं तेव्हा फीचा एक भाव हजर राहणाऱ्यांना आणि दुसरा न राहणाऱ्यांना, हेही बघितलं.

म्हणून काय प्रशिक्षणच नको? दवाखाने भोंदू निघाले म्हणून वैद्यकच नको म्हणायचं का? हा पक्ष बालशिक्षणातल्या गिजुभाई बधेकांचं नाव फार घेतो. ते वकील होते, कुठे होती त्यांच्याकडे बी.एड.? नव्हतीच. पण भावनगरला 1920 मध्ये बालमंदिर काढल्यावर त्यांनी काय केलं? शिक्षक तयार करायला अध्यापन मंदिर काढलं. स्वतः न शिकता शिकवू शकलेल्या माणसाला सगळ्यात आधी कळलं की आपल्यासारखे हजारात एक असतात आणि शाळा हजार लागतात. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक पुढे अनुताई वाघांबरोबर बोर्डीला आणि मग कोसबाडला गेल्या. तिथे वारली मुलं शाळेत येईनात तेव्हा शाळा कुरणावर गेली. तिथल्या बालसेविका घडल्या त्या मुलांच्या घोळक्यातच, कोणाच्या तरी नजरेखाली. आणि सावित्रीबाई? त्यांच्या धैर्याच्या गोष्टी आपण दर 3 जानेवारीला सांगतो, पण त्यांनी अहमदनगरला मिस फरारबाईंकडे आणि पुण्यात मिचेलबाईंच्या नॉर्मल स्कूलमध्ये अध्यापनाचे धडे गिरवले, हे भाषणात येत नाही. जिच्या अंगावर शेण पडत होतं तिलाही आधी शिकवायला शिकावंसं वाटलं.

दुसरा पक्ष कालावधीवाल्यांचा. त्यांना वाटतं रोग वेळेचा आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीने बी.एड. एकाचं दोन वर्षांचं झालं आणि त्यात 20 आठवड्यांची शालेय आंतरवासिता आली. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात जिथे एक वर्ष पोकळ होतं तिथे दोन पोकळ झाली, फी मात्र दुप्पट. 2025 च्या मसुद्यात त्याच परिषदेने एक वर्षाचं बी.एड. परत आणायचं म्हटलं आहे, अर्थात चार वर्षांची पदवी किंवा पदव्युत्तर शिक्षण झालेल्यांसाठी. शिवाय 2030 पर्यंत चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम हीच किमान पात्रता करायचं धोरण आहेच. एक, दोन, एक, चार. हा शिक्षणाचा विचार आहे की पंचांग?

तरी या पक्षाचा एक मुद्दा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. सखोल तयारीला वेळ लागतो. फिनलंडमध्ये प्राथमिक शिक्षकालाही पदव्युत्तर पदवी लागते, 1970 च्या दशकापासून. आपल्याकडे भाषणात फिनलंड आला नाही असं शिक्षणाचं व्यासपीठ नाही. पण त्यातली निम्मी गोष्ट विमानतळावरच राहते. तिथे अर्ज करणाऱ्यांपैकी थोड्यांनाच प्रवेश मिळतो, विद्यापीठांना जोडलेल्या सराव शाळा असतात, शिकण्याची फी नसते आणि पुढे माणसाला मान आणि पगार असतो. आपण यातली फक्त वर्षांची संख्या उचलली तर काय होईल, ते 2015 नंतर पाहिलंच आहे.

राहिला टीईटीचा प्रश्न. न्यायालयाच्या बाजूनेही बोलायला हवं. शिक्षणाचा हक्क मुलाचा आहे, शिक्षकाची नोकरी त्यानंतर येते. निकालाचा गाभा हाच आहे आणि तो चूक नाही. शालेय शिक्षणाची स्थिती मोजणाऱ्या 'असर'च्या 2024 च्या पाहणीत देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांतली तिसरीची 23.4 टक्के मुलंच दुसरीचा मजकूर वाचू शकत होती. असं असताना 'आमच्याकडे बघू नका' म्हणायचा अधिकार कोणालाच नाही, शिक्षक संघटनांना तर नाहीच. पण या परीक्षेतून दिसतं काय? पहिल्या पेपरला बालविकास, दोन भाषा, गणित आणि परिसर अभ्यास, प्रत्येकी 30 गुण, सगळे पर्याय निवडायचे. माणूस मुलाजवळ खाली बसतो का, हे त्यात कुठे येतं? आणि ही चाळणी तरी धड आहे का? 2019-20 च्या परीक्षेत गुण फिरवून पात्र झालेल्या 7,800 हून अधिक उमेदवारांना 2022 मध्ये बाद करावं लागलं; परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांना अटक झाली होती. ज्येष्ठ शिक्षकांचा अपमान परीक्षा द्यावी लागण्यात नाही. त्यांच्याकडे जे खरोखर आहे ते या परीक्षेला विचारताच येत नाही, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ते महिनाभर गाइड वाचून सुटतात.

या उलट्या रीतीला फार जुनी परंपरा आहे असंही नाही. जुन्या मुंबई इलाख्यात व्हर्नॅक्युलर फायनल (तेव्हाची मराठी सातवी) झालेला मुलगा लोकल बोर्डाच्या शाळेत 'अनट्रेंड' म्हणून लागायचा आणि मग त्याला ट्रेनिंगला 'पाठवायचे'. हे क्रियापद बघा. पाठवणारं कोणी तरी होतं, आणि खर्चाचा भार ते उचलत होतं. माझ्या आजोबांच्या पिढीच्या बोलण्यात 'ट्रेनिंगला गेलो होतो' हे अभिमानाने यायचं, आमच्या पिढीत 'डी.एड. केलं' हे कर्जाच्या हप्त्यांसकट येतं. 1882 मध्ये हंटर आयोगापुढच्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावा असं म्हटलं आणि त्याच दमात त्याचा पगार महिना 12 रुपयांच्या खाली नसावा, मोठ्या गावांत 15 ते 20 असावा, हेही सांगितलं. नांगर आणि बैल वेगळे विकत घेता येत नाहीत हे त्या शेतीतल्या जाणत्याला ठाऊक होतं. आपण ते वेगळे केले. प्रशिक्षण उमेदवाराच्या बापाच्या खिशावर टाकलं, डी.एड. कॉलेजं हजाराच्या वर नेली आणि 2012 पासून भरतीच थांबवली. भरती जवळपास बंद आणि पदविका हातात, अशी पिढीच्या पिढी आपण शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलसमोर बसवून ठेवली. त्यानंतर कॉलेजं ओस पडली याचं आश्चर्य कसलं?

'आधी नेमा, मग घडवा' याच्यावर सगळ्यात जोरकस आक्षेप असा की हे आपण करून बसलो आहोत आणि ते महागात पडलं आहे. वस्तीशाळांवर दहावी-बारावी झालेली गावातली पोरं निमशिक्षक म्हणून लावली, नाममात्र मानधनावर वर्षानुवर्षं राबवली आणि त्या वस्त्यांवरच्या मुलांच्या वाट्याला तेच आलं. 2000 पासूनची शिक्षणसेवक योजना पाहा. तीन वर्षं माणूस पूर्ण वेळ शिकवणार, आणि 2022 च्या अखेरपर्यंत प्राथमिकला त्याला मिळणार महिना 6,000 रुपये. नेमणूक आधी म्हटलं की सरकारला स्वस्तातला शिक्षक दिसतो, ही भीती काल्पनिक नाही. मला ती मान्य आहे, आणि तरीही मी याच योजनेकडे बोट दाखवणार आहे.

कारण ती तीन वर्षं आहेतच. निवड झालेली, मानधन आता 16,000 झालेलं, माणूस शाळेत हजर. फक्त त्या तीन वर्षांत त्याला कोणी काही शिकवत नाही. त्याला एकट्याला वर्ग दिला जातो, बहुतेकदा दोन वर्ग एकत्र, आणि वर पोषण आहाराची नोंदवही. एम.बी.बी.एस. झालेल्या मुलाला आंतरवासितेत आपण एकट्याला ऑपरेशन करायला देत नाही, आणि विद्यावेतन देतो. छात्राध्यापकाकडून उलट फी घेतो आणि पहिल्याच दिवशी तीस मुलं त्याच्या हाती देतो. शिक्षणसेवक हा शब्द ठेवा हवा तर, पण पहिलं वर्ष त्याने दुसऱ्याच्या वर्गात काढावं, दुसऱ्या वर्षी निम्मा भार घ्यावा, आठवड्यातला एक दिवस डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) किंवा केंद्रशाळेत इतर नवोदितांबरोबर त्या आठवड्यातल्या वह्या-पाट्या घेऊन बसावं. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी दोन बाहेरच्या माणसांनी चार दिवस वर्गात बसून ठरवावं. बी.एड. कॉलेजांनाही काम उरेल, जी काम करू शकतात त्यांना. पुस्तकी भाग हवाच आहे. मूल अडलेलं पाहिल्यावर पियाजेसारखा बालमानसशास्त्रज्ञ वाचला तर तो समजतो.

या नवोदितांच्या मागे बसणार कोण? केंद्रप्रमुखाचा दिवस माहिती भरण्यात जातो, डाएटमध्ये पदं रिकामी असतात, हे मी नाकारत नाही. पण 2023 मध्ये राज्य सरकारनेच निवृत्त शिक्षकांना 20,000 रुपये मानधनावर रिकाम्या जागांवर नेमायचं ठरवलं होतं. तेच पैसे त्यांना वर्ग सांभाळायला न देता नव्या माणसाच्या वर्गात मागच्या बाकावर बसायला दिले असते तर? आणि आज जे पन्नाशीत टीईटीचं गाइड उघडून बसले आहेत, त्यांतल्या जाणत्यांची परीक्षा घ्यायची तर अशी घ्या: तीन वर्षांत एक शिक्षक घडवून दाखवा. जे घडवतील ते पात्र. सगळे पास होणार नाहीत. वीस वर्षांत एकदाही पाटीकडे न वाकलेलेही मी पाहिले आहेत.

त्या शेजारच्या वर्गावरच्या बाई कधीच निवृत्त झाल्या. सेवा उरलेली असती तर त्यांनाही या निकालाने परीक्षेला बसवलं असतं आणि पियाजेच्या प्रश्नावर बहुधा त्यांनी चुकीचा गोल रंगवला असता. मी एकदा त्यांना विचारलं होतं, पंचवीसचे बावन्न का होतात हे तुम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं का? "छे," म्हणाल्या. "माझ्या पहिल्या शाळेवर हेडगुरुजी वर्षभर माझ्या वर्गात मागे बसायचे. मला इतका राग यायचा त्यांचा."